एक्क्याण्णव फसवतो तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. शाळेत १ ते १०० मधल्या मूळ संख्या पाठ करायला सांगितल्या आहेत. पंचवीसच्या पंचवीस ती घडाघडा म्हणते, पण चाचणीत संख्या उलटसुलट विचारल्या तेव्हा ५१ आणि ९१ ला तिनं मूळ लिहिलं आणि २ ला संयुक्त. मी रागावले तर मलाच विचारते, 'एकला फक्त एकनंच भाग जातो, मग तो मूळ का नाही?' मला उत्तर देता आलं नाही. 'आणि शंभरच्या पुढच्या कुणी पाठ केल्यात?' हाही तिचाच प्रश्न. माझा गणिताशी संबंध शाळेबरोबर संपला. तिला समजेल असं हे कसं शिकवायचं? की सध्या पाठांतरच पक्कं करून घेऊ? परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे.
— एक गोंधळलेली आई

उत्तर :

ताई, त्या चाचणीवरून मुलीला रागावू नका. तिच्या तिन्ही चुकांमागे विचार आहे. ५१ आणि ९१ या संख्या दिसतातच मूळ. विषम आहेत, शेवटी ५ नाही, आणि दहापर्यंतचे पाढे दहापर्यंत म्हटले तर त्यांत कुठंच भेटत नाहीत. त्या लपलेल्या असतात पुढच्या पाढ्यांत: सतरा त्रिक एक्कावन्न, तेरा साती एक्क्याण्णव. विसाव्या शतकातले थोर गणिती अलेक्झांडर ग्रोथेंडिक यांची एक गोष्ट गणितज्ञ आवडीनं सांगतात. चर्चेत कुणीतरी त्यांना म्हणालं, एखादी खरीखुरी मूळ संख्या घेऊन बोलू या. ते म्हणाले, बरं, ५७ घ्या. आणि ५७ म्हणजे एकोणीस त्रिक. ही गोष्ट मुलीला जरूर सांगा.

२ ला तिनं संयुक्त म्हटलं कारण 'सम म्हणजे संयुक्त, विषम म्हणजे मूळ' असं तिच्या मनात कुठंतरी बसलं आहे. यादी पाहिली की कुणालाही तसंच वाटेल, पंचवीसपैकी चोवीस संख्या विषमच आहेत. हा समज यादी वाचून जात नाही. ९, १५, २१ यांचे विभाजक, म्हणजे ज्या संख्यांनी त्यांना पूर्ण भाग जातो त्या, स्वतः काढले की जातो.

राहिला १ चा प्रश्न. तिथं मुलगीच बरोबर आहे. 'जिला फक्त १ नं आणि त्याच संख्येनं भाग जातो ती मूळ संख्या' ही व्याख्या बहुतेकांच्या तोंडी असते आणि १ त्यात आरामात बसतो. एकला एकनं भाग जातो, स्वतःनंही जातो. दोन्ही एकच, इतकंच. गळती व्याख्येला आहे, तुमच्या मुलीच्या डोक्याला नाही. तेव्हा आधी व्याख्या बदला: ज्या संख्येला बरोबर दोन विभाजक असतात ती मूळ संख्या. दोनपेक्षा जास्त असले तर संयुक्त. १ ला विभाजक एकच, म्हणून तो ना मूळ, ना संयुक्त. २ ला १ आणि २ असे दोन, म्हणून २ मूळ. सम आहे की विषम याची चौकशीच नाही.

यावर हुशार मूल म्हणेल, 'ही व्याख्या मुद्दाम १ ला बाहेर ठेवायला केलीय.' खरंच तशीच केली आहे, आणि ते कबूल करायला हरकत नाही. कारण मात्र चांगलं आहे. कुठलीही संयुक्त संख्या फोडत गेलं की शेवटी मूळ संख्याच उरतात, आणि त्या दरवेळी त्याच निघतात. ६० घ्या. ६ × १० असं फोडा, ४ × १५ असं फोडा, नाहीतर ५ × १२ असं. खाली पोचल्यावर २, २, ३, ५ हेच हाती येतात. मुलीला हे तीन-चार वाटांनी करून बघू द्या, दरवेळी तेच अवयव आलेले पाहून मुलं चमकतात. आता १ ला मूळ म्हटलं, तर ६० म्हणजे १ × २ × २ × ३ × ५, किंवा १ × १ × २ × २ × ३ × ५, हवे तेवढे १ घुसवता येतात. 'एकच उत्तर' ही सगळी गंमत जाते. म्हणून १ बाहेर. पूर्वी यावर एकमतही नव्हतं: गोल्डबाख या गणितज्ञानं १७४२ मध्ये ऑयलर या थोर गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात १ ला मूळ धरलं होतं, आणि लेमर या अमेरिकी गणितज्ञानं १९१४ मध्ये छापलेली मूळ संख्यांची मोठी यादी १ पासूनच सुरू होते. म्हणजे तुमच्या मुलीची संगत वाईट नाही.

आता शिकवायचं कसं. यादी पंधरा दिवस कपाटात ठेवून द्या. 'मूळ' हा शब्दही पहिले दोन-तीन दिवस काढू नका. सारखी बटणं, सोंगट्या, मणी, जे हाताशी असेल ते तीसेक गोळा करा आणि मुलीला सांगा, १२ बटणांचा पूर्ण भरलेला आयत मांड. एका रांगेत बारा, दोन रांगांत सहा-सहा, तीन रांगांत चार-चार, असं ती मांडेल. मग ७ द्या. ती खटपट करेल, एक बटण इकडून तिकडे सरकवेल आणि शेवटी एकच लांब रांग उरेल. १३ चंही तेच. असं तीसपर्यंत जा, आणि दरवेळी त्या संख्येचे सगळे विभाजक वहीत लिहायला लावा. लिहिणं टाळू नका. बटणं मांडताना मजा येते, पण कळतं ते वहीतला रकाना वरून खाली वाचताना. ज्यांच्यापुढं दोनच विभाजक आहेत त्यांना गोल करायला सांगा, आणि मग सांगा की यांना मूळ संख्या म्हणतात.

याच वहीत तिला आणखी एक गोष्ट दिसू शकते. १, ४, ९, १६, २५ यांच्या विभाजकांची संख्या विषम येते, बाकी सगळ्यांची सम. दिसलं तर 'का?' म्हणून विचारा, नाही दिसलं तर गप्प राहा. विभाजक जोडीनं येतात; वर्गसंख्येत एक जोडी स्वतःशीच जुळते, ३६ मध्ये ६ × ६ तशी. हे जोडीचं प्रकरण पुढं फार कामाला येणार आहे.

नंतर चाळणी. इरॅटोस्थेनिस हा ग्रीक विद्वान सुमारे २२०० वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख होता. सावल्या मोजून पृथ्वीचा परीघ काढणारा तोच. मूळ संख्या शोधायची त्याच्या नावाची रीत अजूनही सगळ्यांत सोपी आहे: संख्या ओळीनं लिहायच्या, १ खोडायचा, २ ला गोल करून त्याच्या पटीतल्या पुढच्या सगळ्या खोडायच्या, मग उरलेल्यांतली पहिली संख्या घेऊन पुन्हा तेच. शाळेत हे दहा रकान्यांच्या तक्त्यात करून घेतात. माझं म्हणणं, रकाने सहाच करा, ओळी वीस, म्हणजे १ ते १२०. दहा रकान्यांत ३ च्या आणि ७ च्या पटी इकडेतिकडे विखुरतात आणि मूल नुसतं मोजत बसतं. सहा रकान्यांत तेच काम डोळ्यांना दिसतं. २ च्या पटी खोडताना चौथा आणि सहावा रकाना अख्खा जातो, दुसऱ्यात फक्त वरचा २ उरतो. ३ च्या पटी खोडताना तिसऱ्यात फक्त वरचा ३ उरतो. पहिल्या ओळीखाली आता पहिला आणि पाचवा असे दोनच रकाने जिवंत आहेत. ५ च्या पटी एका दिशेनं तिरक्या उतरतात, ७ च्या दुसऱ्या दिशेनं.

खोडताना प्रत्येक फेरीत नव्यानं किती संख्या गेल्या ते मोजायला सांगा. २ च्या फेरीत ५९ जातात. ३ च्या फेरीत १९ नव्या, कारण ६, १२, १८ वगैरे आधीच गेलेल्या असतात. ५ च्या फेरीत सातच: २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५, ११५. आणि ७ च्या फेरीत फक्त चार: ४९, ७७, ९१, ११९. एकूण ८९ खोडल्या, १ बाजूला ठेवला, उरल्या ३०. त्यातल्या २५ शंभरच्या आतल्या. शाळेतली यादी ती हीच, फक्त आता मुलीनं स्वतः काढलेली.

७ च्या फेरीतल्या त्या चार संख्यांपाशी थांबा. चोरांची टोळी ती हीच. १२० पर्यंतच्या ज्या संयुक्त संख्यांना २, ३ आणि ५ पैकी कुणानंच भाग जात नाही, त्या एवढ्या चारच. ४९ आणि ७७ सहसा कुणाला फसवत नाहीत, सातच्या पाढ्यात त्यांचा चेहरा ओळखीचा असतो. फसवतात ९१ आणि ११९. ५१, ५७, ८७ हे तिघं वेगळ्या गटातले: अंकांची बेरीज केली की ३ च्या कसोटीत लगेच पकडले जातात. ५ + १ = ६, ५ + ७ = १२, ८ + ७ = १५.

इथं मी तुमच्या जागी असते तर मुलीला दोन प्रश्न विचारले असते आणि उत्तराची घाई केली नसती. पहिला: ७ च्या फेरीत पहिली नवी संख्या ४९ च का आली, त्याआधीची एकही का नाही? ती शोधेल की ७ × २ हा २ च्या फेरीत गेला, ७ × ३ हा ३ च्या, ७ × ४ आणि ७ × ६ पुन्हा २ च्या, ७ × ५ हा ५ च्या. सातच्या आतल्या सगळ्या गुणकांचा हिशेब आधीच चुकता झालेला, म्हणून नवं काम ७ × ७ पासून. दुसरा प्रश्न: आता ११ ची फेरी घ्यायची का? घेऊन बघू द्या. २२, ३३, ४४, ५५, ६६, ७७, ८८, ९९, ११० सगळ्या आधीच खोडलेल्या निघतील. ११ ला पहिली नवी संख्या मिळेल ती १२१, आणि ती तक्त्याच्या बाहेर आहे. तक्ता १२० वर थांबवायला सांगितला तो याचसाठी.

'कुठं थांबायचं' हे कळलं तर या धड्यातलं खरं गणित कळलं. विभाजक जोडीनं येतात हे तिनं बटणांत पाहिलं आहे. आता तिला म्हणा, १२० पर्यंतची एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्या दोन्ही ११ किंवा त्याहून मोठ्या असू शकतील का? नाही, कारण ११ × ११ च १२१ होतो. म्हणजे जोडीतला एक जण १० किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे, आणि तो लहान जण २, ३, ५, ७ पैकी कुणाच्या तरी पटीत असणार. म्हणून चारच कसोट्या पुरतात. वर्गमूळ हा शब्द नंतर येऊ दे. 'जिचा वर्ग आपल्या संख्येच्या पुढं जातो त्या मूळ संख्येपाशी थांब' एवढं पुरे.

मग एकेकटी संख्या तपासायला द्या. १६७ मूळ आहे का? १३ चा वर्ग १६९, म्हणजे ११ पर्यंतच बघायचं. सम नाही, अंकांची बेरीज १४ म्हणून ३ नं जात नाही, शेवटी ० किंवा ५ नाही, ७ नं भागलं तर बाकी ६, ११ नं भागलं तर बाकी २. संपलं, मूळ आहे. १४३ द्या, ती ११ पाशी अडकेल: ११ × १३. आठवडाभर रोज दोन-तीन अशा संख्या भरपूर झाल्या, वीसवीस देऊन कंटाळा आणू नका. ७ च्या कसोटीसाठी पुस्तकांत चमत्कारिक युक्त्या असतात, त्यांच्या नादी न लागलेलं बरं. सोयीची सातची पट वजा करावी: ९१ मधून ७० काढले की २१ उरतात, ११९ मधून ७० काढले की ४९. मोठ्या संख्येला सरळ भागाकार करावा, तेवढा सराव होतो.

शंभरच्या पुढच्या कुणी पाठ केल्या, याचं उत्तर: कुणीच नाही, कारण त्या संपत नाहीत. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडनं हे सिद्ध केलं आणि दहा वर्षांच्या मुलाला ते पचतं. समजा कुणी म्हणालं, २, ३, ५, ७ एवढ्याच मूळ संख्या आहेत, पुढं काही नाही. त्या सगळ्यांचा गुणाकार करा, २१०. त्यात १ मिळवा, २११. आता चारांपैकी कुणानंही भागा, बाकी १ च उरणार. म्हणजे २११ चा जो कुठला मूळ विभाजक असेल तो त्या यादीबाहेरचा. यादी कितीही मोठी आणा, हीच युक्ती चालते. फक्त एक सांभाळा: १ मिळवून आलेली संख्या स्वतः मूळच असते असं सांगू नका. २११ मूळ आहे हे खरं, पण २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ म्हणजे ३००३१, आणि तो निघतो ५९ × ५०९. नवे मूळ अवयव मिळाले, पण ती संख्या संयुक्तच. मुलीला मोठाल्या आकड्यांचं वेड असेल तर हेही सांगा की ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एका मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात करून त्यातून १ वजा केला की ती मिळते.

'उपयोग काय?' हा प्रश्न तिनं अजून विचारलेला नाही, पण येईल. लसावि, मसावि आणि अपूर्णांकांचं संक्षिप्त रूप हे लवकरच लागणारं उत्तर. ते ऐकून कुणी खूश होत नाही. त्यापेक्षा एक खेळ खेळा. तिला दोन मूळ संख्या मनात धरून गुणाकार करायला सांगा, समजा ४७ × ५३, आणि तुम्हाला फक्त २४९१ सांगू दे. तुम्ही ते फोडायचं. तिचा गुणाकार मिनिटात होतो, तुमचा घाम निघतो. १८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं दाखवलं होतं की २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी एकवीस अंकी संख्या मूळ नाही. पण तिचे अवयव कुणाला माहीत नव्हते. ऑक्टोबर १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल अमेरिकी गणितज्ञांच्या सभेत फळ्यापाशी गेले, अक्षरही न बोलता ती संख्या लिहिली, शेजारी १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार पुरा करून दाखवला आणि जागेवर जाऊन बसले. सभेनं टाळ्या वाजवल्या. गुणायला सोपं आणि फोडायला महाकठीण, या फरकावरच १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी गुप्तसंदेशांची पद्धत उभी केली. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवायला ती आजही वापरतात. खेळात मुलगी तुम्हाला हरवेल तेव्हा हे सांगा, आधी नको.

परीक्षेचं म्हणाल, तर तीन आठवडे पुरेसे आहेत. पहिल्या आठवड्यात बटणं आणि वही, दुसऱ्यात चाळणी, तिसऱ्यात एकेक संख्या तपासणं. शेवटच्या दिवशी पाठच करायचं असेल तर पंचवीस संख्यांऐवजी तीनच करा: ४९, ७७, ९१. शंभरच्या आतल्या एखाद्या संख्येला २, ३, ५ च्या कसोट्या लावल्या, कुणानंच भाग गेला नाही आणि ती या तिघांपैकी नाही, तर ती मूळ. अर्थात १ सोडून, आणि २, ३, ५ या तर स्वतःच मूळ.

यमकात बसवलेली मूळ संख्यांची गाणी आणि घड्याळ लावून खेळायचे खेळ सध्या तरी बाजूला ठेवा. पाठांतर तिला येतच होतं, अडचण तिथं नव्हतीच. आणि तुमचं स्वतःचं गणित कच्चं असल्याची काळजी सोडा. एखादी संख्या मूळ आहे का हे तुम्हाला माहीत नसेल तर तसं म्हणा आणि दोघी मिळून तपासा.

परीक्षा झाली की गोल्डबाखचं कोडं द्या. १७४२ च्या त्याच पत्रव्यवहारातून निघालेलं: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते का? १० म्हणजे ३ + ७, २८ म्हणजे ५ + २३. आजवर एकही उलट उदाहरण सापडलेलं नाही आणि हे कुणाला सिद्धही करता आलेलं नाही. सुरुवात १०० पासून करा. त्याच्या सहा जोड्या होतात. तीन तुम्ही शोधा, तीन तिला शोधू द्या.